न सापडणारे संदर्भ : नागपुरातल्या एका विद्यापीठ ग्रंथालयाचं प्रकरण

उन्हाळी परीक्षांआधी शोधप्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात दरवर्षीच गर्दी होते. त्या वर्षीही झाली, पण मुलं जे विचारत होती ते नेहमीचं नव्हतं. एका विभागाचे एम.ए.चे विद्यार्थी आपल्या संदर्भयादीतले लेख मागायला येत आणि ते लेख कुठेच सापडत नसत. नियतकालिक खरं, खंड आणि अंक खरा, लेखकही त्या विषयातला नावाजलेला. पण दिलेल्या पानांवर दुसराच कुठला तरी लेख. "सर, हा पेपर कुठंच भेटून नाही राहिला," असं दोन-चार जणांकडून ऐकल्यावर संदर्भ विभागातल्या कंत्राटी सहायकाने तीन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तिघांचे विषय जवळपासचे, मार्गदर्शक वेगळे, आणि कुणी कधीच न लिहिलेला एक लेख तिन्ही याद्यांत.

चौकशी केली तेव्हा फार लपवाछपवी झाली नाही. एकाने चॅटजीपीटीला "या विषयावरचे वीस संदर्भ दे" असं सांगितलं होतं. दुसऱ्याने ती यादी व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतली. तिसऱ्याचा प्रकल्प कॉलेजजवळच्या झेरॉक्स सेंटरवर टाइप झाला होता आणि संदर्भांचं पान तिथल्या संगणकात आधीपासूनच तयार होतं. आधीच्या बॅचच्या कुणाचं तरी. चॅटजीपीटीसारखी भाषाप्रणाली विचारलेला संदर्भ दरवेळी कपाटातून काढून आणत नाही. संदर्भ साधारण कसा दिसतो हे तिला ठाऊक असतं, त्यामुळे ती तसा दिसणारा मजकूर रचून देऊ शकते. आडनाव बरोबर, साल पटण्यासारखं, नियतकालिक ओळखीचं. दिसायला तो खऱ्या संदर्भाहून जास्त नीटनेटका असतो, म्हणून शंकाही येत नाही.

मी ग्रंथालय व माहितीशास्त्र शिकवतो. या ग्रंथालयाशी माझा संबंध बाहेरचाच. पण पुढचं वर्षभर तिथे काय काय झालं ते जवळून पाहायला मिळालं. विद्यापीठाचं नाव इथे देत नाही. त्याची गरजही नाही, कारण यातलं पुष्कळसं दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात घडू शकतं.

आधीचं चित्र

ग्रंथालयात कार्यक्रमांची कमी होती असं मुळीच नाही. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, पण तोवर परीक्षा लागलेल्या असतात आणि नागपूरचं ऊनही रंगात आलेलं असतं, त्यामुळे तो उरकला जातो. प्रत्येक दिवसाची रीत ठरलेली: दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देऊन स्वागत, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. सभागृह भरावं म्हणून एनएसएसची मुलं आणि जवळच्या विभागाचा एखादा अख्खा वर्ग. उपस्थितीपत्रकावर सह्या, जिओटॅग असलेले फोटो, दोन पानी अहवाल, आणि तो अहवाल नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या, फायलीत. दाराबाहेर पांढरी चादर अंथरलेल्या टेबलांवर ग्रंथप्रदर्शन, आणि त्यावर सूचना: "कृपया पुस्तकांना हात लावू नये." रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे आहे. त्यांच्याच जयंतीला ही पाटी दिसली की मला दरवेळी हसू येतं.

माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधायची आणि पारखायची समज, म्हणून जे काही होतं ते सत्राच्या सुरुवातीच्या उद्बोधन वर्गात. नव्याने आलेली दीड-दोनशे मुलं एका सभागृहात, पडद्यावर लेख शोधायच्या डेटाबेसची नावं, पुस्तक उशिरा परत केल्यास दंड किती, शांतता राखा. पहिला शोधप्रकल्प हातात पडेपर्यंत यातलं कुणाला काय आठवणार?

"आजकालची मुलं वाचतच नाहीत" हे प्राध्यापकांचं लाडकं वाक्य मला नागपुरात तरी पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे एकदा जाऊन उभं राहावं. यवतमाळहून, गोंदियाहून, मराठवाड्यातून आलेली माणसं पुस्तकांच्या पिशव्या भरून परततात, आणि त्यांत विद्यार्थी भरपूर असतात. याच ग्रंथालयाची अभ्यासिकासुद्धा सकाळी उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत भरलेली असते. एमपीएससीची, बँकेची, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, जागा अडवायला बाटली ठेवतात, मधे चहाला जातात, परत येऊन बसतात. ग्रंथालयाच्या कपाटांकडे मात्र ती क्वचितच वळतात. वाचनाची सवय मुलांना होती. समोर आलेल्या मजकुराला प्रश्न विचारायची सवय कुणी लावली नव्हती.

वही

ग्रंथपाल मॅडमनी लगेच कार्यक्रम जाहीर केला नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संदर्भ विभागाच्या टेबलावर त्यांनी एक साधी दोनशेपानी वही ठेवली आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं की मुलं जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. नाव लिहायचं नाही, विभागही नाही.

काही आठवड्यांनी ती वही वाचली तेव्हा ग्रंथालयाच्या अंदाजाला तडा गेला. मुलांना डेटाबेस माहीत नाहीत, ते शिकवले की काम झालं, असा सगळ्यांचा समज होता. वहीत डेटाबेसचं नाव कुणी घेतलेलंच नव्हतं. "घरून उघडत नाही." "मराठीत काही आहे का?" "संदर्भ कसा लिहायचा, सर एक सांगतात, सीनियर एक सांगतात." "हे साल नाही दिलं, मी टाकू का अंदाजाने?" आणि सगळ्यात जास्त वेळा, वेगवेगळ्या शब्दांत: "किती टक्के चालते?"

हा टक्क्यांचा प्रश्न यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ सालच्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमावलीतून आला आहे. प्रबंधात आधी छापलेल्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियमावलीत आणखीही पुष्कळ काही आहे. रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायदे, सर्वसाधारण संज्ञा, सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं. शिवाय संस्थेने दर सत्रात जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत असंही त्यात लिहिलेलं आहे. मुलांपर्यंत पोचला तो फक्त दहाचा आकडा, आणि तोही परवानगीच्या स्वरूपात: दहा टक्के उचलायला हरकत नाही. मग उरलेल्या मजकुरातले शब्द बदलून देणारी साधनं शोधली जातात. गंमत अशी की खोट्या संदर्भांची यादी या तपासणीत बिनबोभाट पास होते. जे कुठेच छापलेलं नाही त्याच्याशी साम्य निघणार कसं?

पहिला प्रयत्न

ऑक्टोबरात 'माहिती साक्षरता कार्यशाळा' झाली. जुन्याच रीतीने, सभागृहात, दुपारी चार वाजता. कामठी, उमरेड, काटोलकडून येणाऱ्या मुलांची परतीची बस तेव्हाच असते, याचा विचार वेळ ठरवणाऱ्याने केलेला नव्हता. पोस्टरवरचं शीर्षक वाचून विद्यार्थ्यांना काही कळत नव्हतं. हे साक्षरता अभियान आहे का, असं एकाने खरोखर विचारलं. आले त्यातले बरेच अभ्यासिकेतले होते आणि त्यांचा पहिला प्रश्न प्रमाणपत्राबद्दल होता.

प्रमाणपत्राचं हे वेड करोनाकाळात फार वाढलं. तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने कुठल्या ना कुठल्या दिवसानिमित्त ऑनलाइन प्रश्नमंजुषा घेतली, आणि उत्तरं बरोबर असोत वा चूक, ई-प्रमाणपत्र मेलवर येऊन पडत असे. त्याचा एक परिणाम अजून टिकून आहे: कार्यक्रमाची किंमत प्रमाणपत्रावरून ठरते. कार्यशाळेच्या अभिप्राय-अर्जात जवळपास सगळ्यांनी 'उत्कृष्ट' निवडलं. अहवाल छान झाला. आणि डिसेंबरात संदर्भ विभागात पुन्हा तसल्याच याद्या येऊ लागल्या.

याद्या घेऊन या

दुसऱ्या वेळचा विचार त्या कंत्राटी सहायकाचा. त्याचं म्हणणं असं की मुलांना बोलावू नका, आपणच त्यांच्या तासाला जाऊ; आणि आपण काही दाखवण्यापेक्षा त्यांच्याकडे जे आहे तेच उघडायला लावू. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षालाच संशोधनपद्धतीचा पेपर आहे आणि दुसऱ्या वर्षाला शोधप्रकल्प. म्हणजे तास आहे, गुण आहेत, तारीखही आहे. ग्रंथालयाला वेगळा दिवस शोधायची गरजच नव्हती.

विभागाची परवानगी सहज मिळाली नाही. "तुम्ही आमची मुलं पकडायला येऊन राहिले का?" असं एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तोंडावर विचारलं. ग्रंथपाल मॅडमनी त्यांना आणि मुलांना एकच शब्द दिला: यादी ज्याची त्याच्याकडेच राहील, ग्रंथालय तिची प्रत घेणार नाही, कुणाचं नाव बाहेर जाणार नाही. माझ्या मते सगळा उपक्रम या एका अटीवर उभा राहिला. ग्रंथालय पोलिसाच्या भूमिकेत शिरलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून संदर्भ विभागात कुणी फिरकलं नसतं.

संगणक कक्षात मुलं आपापल्या संदर्भयाद्या घेऊन बसली. काम एवढंच: पहिले पाच संदर्भ जगात आहेत का ते शोधा. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून नेमका कुठला लेख उघडतो ते पाहायचं. नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर जाऊन त्या खंडाची, त्या अंकाची अनुक्रमणिका काढायची. लेखकाच्या संस्थेच्या पानावर त्याची प्रकाशनं वाचायची. पहिली दहा मिनिटं खिदळणं चाललं होतं, मग कक्ष हळूहळू गप्प झाला. "अरे, याचा डीओआय तर मेंदूच्या ऑपरेशनचा निघाला बे," असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि सगळे हसले, पण त्या हसण्यात थोडी धास्तीही होती. मागच्या बाकावरचा एक जण यादीवर काट मारता मारता थांबून विचारत होता, "मॅडम, आता माझ्याकडे दोनच राहिले. बाकीचे कुठून आणू?"

इथून खरं शिकवणं सुरू झालं, कारण आता प्रश्न त्याचा होता.

काटोलकडच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण मला सांगावंसं वाटतं. विषय संत्रा उत्पादकांचं अर्थकारण. आंबिया बहाराची फळगळ झाली की कर्जाचं गणित कसं बिघडतं, हे तिला घरचंच माहीत होतं. पण शोधताना ती 'ऑरेंज' हा इंग्रजी शब्द टाकत होती आणि हाती ब्राझील आणि फ्लोरिडाच्या रसाच्या बाजारावरचे लेख येत होते. नागपुरी संत्रा संशोधनात 'मँडरिन' या नावाने नोंदला जातो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'नागपूर मँडरिन' टाकलं आणि समोरचं दार उघडलं: लागवड, फळगळ, मूळकूज, बाजारभाव. त्यातलं बरंचसं काम याच शहरात अमरावती रोडवर असलेल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत झालेलं. "म्हणजे आमच्या वाडीवरचं इथंच लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली.

मराठीत शोधणाऱ्यांची अडचण निराळी. शोधगंगा या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या भांडारात देशभरातले लाखो पीएच.डी. प्रबंध आहेत, मराठीतलेही आहेत. पण जुन्या मराठी प्रबंधांची पानं बहुधा स्कॅन केलेली, म्हणजे मजकुराच्या आत शब्द शोधता येत नाही. शीर्षक कुठे देवनागरीत तर कुठे रोमन लिपीत. ऱ्हस्व-दीर्घ बदललं तरी निकाल बदलतो. सहायकाने फळ्यावर एकाच विषयाचे सात-आठ वेगवेगळे शोधशब्द लिहून दाखवले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. ही छोटीशी गोष्ट कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत मिळायची नाही.

'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद, आणि सरकारी विद्यापीठांतल्या मुलांना ती सगळी मोफत. "घरून उघडत नाही" असं म्हणणाऱ्या मुलांच्या हातात एवढा खजिना आला होता. त्याची घोषणा ग्रंथालयाने सूचनाफलकावर लावलीही होती, पण ती कुणी वाचलेली नव्हती. यादीतल्या एका खऱ्या लेखासमोर तीस डॉलरची मागणी दिसली, आणि संस्थेच्या लॉगिनमधून तोच लेख फुकट उघडला, तेव्हा त्या वर्गाला योजना कळली.

एक अवघड प्रश्न

अशाच तिसऱ्या तासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमच्या सरांचा पेपर या जर्नलमध्ये आहे. हे जर्नल खरं आहे ना?" सर मागे उभे होते.

नियतकालिक उघडून पाहिलं तर पैसे भरले की चार दिवसांत छापून देणाऱ्यांपैकी ते होतं. आपल्याकडे यावर बरीच उलथापालथ झाली आहे. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकली. मग यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर. या काळात बढतीसाठी गुण हवे होते म्हणून छापून मोकळे झालेले प्राध्यापक थोडेथोडके नाहीत.

ग्रंथपाल मॅडमनी उत्तर दिलं नाही. संपादक मंडळातली माणसं त्या त्या संस्थेत खरोखर आहेत का, लेखतपासणीला किती दिवस लागतात असं सांगितलंय, पत्ता कुठला आहे, हे कसं पाहायचं ते त्यांनी एका तिसऱ्याच नियतकालिकावर करून दाखवलं. मुलीला काय समजायचं ते समजलं. सरांनाही समजलं. वर्गातली मर्यादा राखली गेली हे खरं. पण मला हे उत्तर अर्धवट वाटतं. विद्यार्थ्यांना पारख शिकवायची आणि शिक्षकांसाठी त्याच विषयाचं सत्र ठेवायला कचरायचं, हे फार काळ चालणार नाही. तसं सत्र ठेवा, असं मी मॅडमना नंतर सांगितलंही. त्या म्हणाल्या, "सर, मला याच इमारतीत काम करायचं आहे."

छप्पन्न अंश

वर्गाबाहेरचा उपक्रम त्या मानाने मजेत झाला. ग्रंथालयाच्या पोर्चमध्ये एक फळा ठेवला. आठवड्याला एक विधान, नागपूरचंच, आणि खाली: खरं का? कशावरून?

पहिलं विधान होतं, 'नागपुरात ५६ अंश तापमानाची नोंद झाली.' ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्रावर हा आकडा खरोखर दिसला होता, देशभर बातम्या झाल्या होत्या, आणि संवेदक बिघडल्याचं हवामान खात्याने लगेच स्पष्टही केलं होतं. आकडा सगळ्यांना पाठ होता, खुलासा फार थोड्यांना. एका भूगोलाच्या विद्यार्थ्याने खुलासा न शोधताच शंका घेतली: जगातला आजवरचा मान्य उच्चांक डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा, ५६.७ अंश. नागपूर त्याच्या इतकं जवळ गेलं आणि शेजारच्या केंद्रांवर त्याच दिवशी पारा कितीतरी खाली, हे कसं? त्याला माहिती साक्षरतेची व्याख्या कुणी सांगितली नव्हती.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेला एक अभ्यास इथे आठवतो. दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे आणि पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. तज्ज्ञ आणि विद्यार्थी त्याच पानावर खाली खाली वाचत राहिले आणि चकचकीत बोधचिन्हाला, संकेतस्थळाच्या नावाला फसले. तथ्यपडताळणीवाल्यांनी काही क्षणांत ते पान सोडलं, नव्या खिडक्या उघडल्या आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. याला आडवं वाचन म्हणता येईल. पोर्चमधल्या फळ्यासमोर मुलं मोबाईल काढून नेमकं हेच करू लागली होती.

दुसरं विधान: 'झिरो माइल हा भारताचा मध्यबिंदू आहे.' यावर मात्र भांडणं झाली. नागपूरच्या माणसासाठी हा अस्मितेचा प्रश्न. विधान भवनाजवळचा तो खांब आणि चार घोडे प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. शोधायला लागल्यावर मुलांना कळलं की तिथल्या बेंच मार्कवर 'जीटीएस' आणि १९०७ ही अक्षरं आहेत, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे या ब्रिटिशकालीन भूमापनाची खूण, आणि बेंच मार्क असतो उंची मोजण्यासाठी. मध्यबिंदूचा दावा मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी गावही करतं. मग कुणी म्हणालं, करौंदी स्वातंत्र्यानंतरच्या भारताचा, झिरो माइल ब्रिटिश भारताचा. त्यावर इतिहासाची एक मुलगी: १९०७ च्या ब्रिटिश भारतात ब्रह्मदेशही होता, तो १९३७ साली वेगळा झाला, तो धरून मोजला तर मध्य कुठे सरकतो? फळ्याच्या कडेला नकाशे चिकटवले गेले. हिंगणघाटच्या एकाने सांगितलं की हे सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये त्याच्या गावी वारला. विधानाचा निकाल फळ्यावर कुणी लिहिला नाही. 'कुठल्या भारताचा, कुणी मोजला, कसा मोजला' हे तीन प्रश्न तेवढे राहिले.

हरकत

याच फळ्यामुळे अभ्यासिकेतली मुलं पहिल्यांदा बाहेर आली. त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता. "गाईडमध्ये झिरो माइल मध्यबिंदू दिलाय. पेपरात आलं तर काय लिहाचं?" एकजण म्हणाला, गाईडप्रमाणे लिही. दुसरा म्हणाला, मग उत्तरतालिकेवर हरकत घेऊ.

ग्रंथपाल मॅडमच्या कानावर हे पडलं, आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथे घडली. एमपीएससीच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची तर पुरावा जोडावा लागतो. गाईड चालत नाही. प्रमाणभूत ग्रंथ, सरकारी अहवाल, त्यातलं नेमकं पान लागतं. ही मुलं वर्षानुवर्षं हेच करत होती. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल कुठल्या साली काय म्हणतो, विश्वकोशातली नोंद आणि पाठ्यपुस्तक यांत फरक असेल तर जास्त वजन कशाला, मूळ कायद्याचं कलम कुठे पाहायचं, हे त्यांना एम.ए.च्या मुलांपेक्षा कितीतरी चांगलं जमत होतं. एक गुण गेला की पोटात गोळा येतो, म्हणून जमत होतं. ग्रंथालय मात्र त्यांना इतकी वर्षं खुर्च्या अडवणारे म्हणून ओळखत होतं.

पुढच्या सत्रात संदर्भ तपासणीच्या वर्गांना अभ्यासिकेतली चार-पाच मुलं मदतीला आली. ती कुणाची शिक्षक नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे खोटी यादी उघडायला कुणाला लाज वाटली नाही. "हे पान दाखव. पान नाही ना? मग कटाप," अशी त्यांची पद्धत. मॅडमनी ती सौम्य करायचा प्रयत्न केला, फारसं यश आलं नाही. मला ती पद्धत आवडली.

सध्या

खोटे संदर्भ संपलेले नाहीत. संदर्भ विभागात ते अजून येतात. फरक असा की आता पुष्कळ मुलं येताना "हा आहे का नाही, बघून द्या" असं म्हणतात, आधी "हा काढून द्या" म्हणायची. विभागाने प्रकल्पासाठी एक नियम केला आहे: कोणत्याही पाच संदर्भांपुढे, ते कुठे पाहिले आणि त्यातलं कुठलं पान वापरलं, हे विद्यार्थ्याने दोन ओळींत लिहायचं. मार्गदर्शकांपैकी काही जण ते वाचतात, काही वाचत नाहीत.

ज्याने याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तो कंत्राटी सहायक दुसऱ्या गावी कायमची नोकरी मिळाली म्हणून गेला. त्याच्या जागी अजून कुणी नाही, त्यामुळे फळा काही आठवडे तसाच रिकामा होता. सध्या अभ्यासिकेतली मुलं आपणच विधानं लिहितात आणि त्यातली काही फारच खोडकर असतात. गुणवत्ता कक्षाकडे पाठवलेला उपक्रमाचा अहवाल एकदा परत आला. फोटोत व्यासपीठ दिसत नाही आणि प्रमुख पाहुण्यांचा रकाना कोरा आहे, असा शेरा होता. मॅडमनी फळ्याचा फोटो जोडून तो पुन्हा पाठवला आहे. शिक्षकांसाठीच्या सत्राचा प्रस्तावही त्यांनी अखेर दिला. परीक्षा झाल्यावर बघू, असं विभागाचं उत्तर आहे.